कोल्ड स्टोरेजच्या अमोनिया कॉम्प्रेसरला व्हीएफडी बसवला तर वीजबिल खरंच ४० टक्के कमी होतं का?

दिंडोरी रस्त्याला द्राक्षाचं पॅकहाऊस, पट्ट्यावर चालणारे सारखेच दोन सहा-सिलिंडर अमोनिया कॉम्प्रेसर, आणि ड्राइव्हवाला सांगून गेलाय की दोन्हींना व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, लावा, बिल ४० टक्के खाली येईल. घ्यावा की नाही, असं तुम्ही विचारलंय.

घ्या. पण एकच घ्या, आणि ते ४० टक्के डोक्यातून काढून टाका.

एवढं लिहून मी उठलो असतो, पण तो आकडा वाचला आणि राहवेना. हाच आकडा मी २०१६ च्या जानेवारीत आमच्या मशिनरूमच्या दारात उभं राहून ऐकला होता. त्याच आकड्यापायी पुढच्या महिन्यात माझ्यावर हलगर्जीपणाचा ठपका आला. सातपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडून तेव्हा मला मशिनवर २२ वर्षं झाली होती.

आधी तो आकडा येतो कुठून ते पाहा. पंखा किंवा सेंट्रिफ्यूगल पंप असेल तर वीज वेगाच्या घनाने बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज ५१ टक्क्यांवर येते, वेग निम्मा केला की साडेबारा टक्क्यांवर. हे खरं आहे, आणि ड्राइव्हच्या माहितीपत्रकात तोच आलेख छापलेला असतो. पण पिस्टनचा कॉम्प्रेसर म्हणजे पंखा नव्हे. तो प्रत्येक फेऱ्याला ठरलेला तेवढाच गॅस ओढतो आणि सक्शनच्या (ओढायच्या बाजूच्या) प्रेशरवरून हेडच्या (सोडायच्या बाजूच्या) प्रेशरवर चढवतो. फेरे निम्मे केले तर गॅस निम्मा, काम निम्मं, वीजही साधारण निम्मी. टॉर्क, म्हणजे फिरवायला लागणारा जोर, जवळपास आहे तेवढाच राहतो. वेग उतरवल्याने थंडावा स्वस्त होत नाही, फक्त कमी होतो. वर ड्राइव्ह स्वतः दोन-तीन टक्के खातो. मशिन दिवसभर पूर्ण भारावर चालत असेल तर ड्राइव्ह लावून बिल वाढेल, कमी होणार नाही. पंख्याचा आलेख दाखवून कॉम्प्रेसरचा ड्राइव्ह विकणं ही फसवणूक आहे, मग विकणाऱ्याला ते माहीत असो वा नसो.

आता आमचं काय झालं ते सांगतो.

आमचं पॅकहाऊस पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे. मशिनं तुमच्यासारखीच: दोन, प्रत्येकी १०० एचपी, ५० हर्ट्झला ९०० आरपीएम, सिलिंडर दोन-दोनच्या जोडीने लोड-अनलोड होणारे (कामाला लागणारे किंवा मोकळे फिरणारे), म्हणजे क्षमता ३३, ६६ आणि १०० टक्के. सीझनमध्ये सकाळी तोडलेली थॉमसन द्राक्षं दुपारी पॅक होऊन प्रीकूलिंगला येतात तेव्हा मण्याच्या पोटात २६-२८ डिग्री असतात. सहा-आठ तासांत ती द्राक्षं ४ डिग्रीच्या आसपास आणायची आणि मग शून्याच्या कोठीत लावायची. दहा टन माल २५ डिग्रीने सहा तासांत उतरवायचा तर नुसत्या द्राक्षाचा भार सरासरी १२ टन रेफ्रिजरेशनच्या (थंडावा मोजायचं माप, मालाचं वजन नव्हे) घरात जातो. पण या सरासरीवर जाऊ नका. खोलीतली हवा शून्याला धरा आणि दर दोन तासांनी फरक निम्मा होतो असं धरा: २८ चे १४, १४ चे ७, ७ चे साडेतीन. दार लावलं त्या क्षणी मालाचा जो भार मशिनवर येतो, त्याचा आठवा हिस्सा सहा तासांनी उरतो. त्यातच एका खोलीचा माल निघतो, दुसरीत गरम माल शिरतो. दिवसभर भार असा वर-खाली होत राहतो.

अनलोडरच्या तीन पायऱ्यांवर हे सांभाळताना आमचं सक्शनचं प्रेशर २.१ ते २.९ किलोमध्ये झुलायचं. अमोनियाला याचा अर्थ कॉइल उणे ९ पासून उणे ३ पर्यंत हेलकावे खाणार. कॉइल फार थंड झाली की हवेतलं पाणी तिच्यावर बर्फ होऊन बसतं, खोली कोरडी पडते आणि द्राक्षाचा देठ तपकिरी होतो. युरोपात पेटी उघडणारा माणूस आधी देठ बघतो. म्हणून आमच्या मालकांना, म्हणजे अण्णांना, ड्राइव्ह घ्या असं पहिल्यांदा मीच सांगितलं होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण नंतर असं पसरवलं गेलं की जुन्या ऑपरेटरला नवीन तंत्रज्ञान नको होतं. मी मागितला होता एक ड्राइव्ह, एका मशिनला, ३० हर्ट्झच्या खाली न जाणारा. आले दोन, आणि सेटिंग होतं १८ हर्ट्झचं.

बसवायला पुण्याहून इंजिनिअर आला होता. शिकलेला, हुशार, वयाने माझ्या मुलाएवढा. नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही. १८ हर्ट्झ म्हणजे ३२४ आरपीएम. मी म्हटलं, "साहेब, ऑइल पंप क्रँकच्याच टोकाला आहे. क्रँक हळू झाला की पंपही हळू होणार."

तो म्हणाला, "काका, गेज बघा ना. साडेतीन किलो ऑइल प्रेशर आहे. भरपूर आहे."

गेजवर साडेतीन होतं, मान्य. पण ऑइल पंप तेल उचलतो क्रँककेसमधून, आणि क्रँककेसमध्ये सक्शनचं प्रेशर असतं. त्या वेळी सक्शन होतं २.६. साडेतीनातून २.६ गेले, उरले ०.९. बेअरिंगला मिळतं ते एवढंच. आमच्या मशिनला नेट दीड किलोच्या खाली चालवायचं नाही, हे मला पहिल्या वर्षी उस्तादाने शिकवलं होतं. ही वजाबाकी मशिनरूममधल्या हेल्परलाही येते. त्या दिवशी ती कोणी ऐकली नाही.

संध्याकाळी ऑइल प्रेशरच्या कटआउटने मशिन दोनदा बंद पाडलं. ते त्याचं कामच आहे. इंजिनिअरने कटआउटला जंपर मारला, म्हणजे तार जोडून ते निकामी केलं. "तात्पुरता आहे, ट्यूनिंग झालं की काढतो," म्हणाला. माल दारात उभा होता, जेएनपीटीला जायच्या कंटेनरची वेळ ठरलेली होती. अण्णा मला म्हणाले, "साहेबांना करू दे रे, तू मध्ये बोलू नको." मी लॉगबुकात लिहिलं: ऑइल कटआउट बायपास, सायंकाळी ७.२०, इंजिनिअरच्या सांगण्यावरून. खाली सही केली.

रात्री साडेअकराच्या सुमारास मशिनचा आवाज बदलायला लागला. ज्यांनी रात्रपाळ्या काढल्यात त्यांना कळेल, सिलिंडर अनलोड झाले की मशिन पोकळ वाजतं आणि लोड झाले की भरीव. आमचं मशिन दर चार मिनिटांनी पोकळ-भरीव, पोकळ-भरीव करत होतं. कंट्रोलरने अनलोडला सांगितलेलंच नव्हतं, अनलोडरचे सगळे सोलेनॉइड (विजेवरचे व्हॉल्व्ह) लोडवर होते. मी स्टूल घेऊन समोर बसलो आणि दर मिनिटाला हर्ट्झ, सक्शन आणि ऑइल लिहीत गेलो. तासाभरात उलगडा झाला.

असं होत होतं. अनलोडर ऑइलच्या दाबावर चालतो. तेलाचा दाब आला की सिलिंडर लोड होतो, दाब गेला की स्प्रिंग त्याला अनलोड करते. मशिन चालू होताना मोकळं चालू व्हावं म्हणून ही रचना असते. आता ड्राइव्हने वेग उतरवला, ऑइल पडलं, दोन सिलिंडर आपोआप अनलोड झाले. गॅस कमी ओढला गेला म्हणून सक्शन वर चढलं. सक्शन चढलं म्हणून ड्राइव्हने वेग वाढवला. वेग वाढला की ऑइल आलं, सिलिंडर परत लोड झाले, सक्शन एकदम खाली. ड्राइव्हने पुन्हा वेग उतरवला. एकाच सक्शनवर दोघांची ओढाताण चालली होती आणि एकमेकांची खबर कोणालाच नव्हती. सकाळी फोनवर हे सगळं सांगितलं. उत्तर आलं, "पीआयडी ट्यून करतो," म्हणजे ड्राइव्हच्या कंट्रोलरची सेटिंग जुळवतो. दोन दिवस लॅपटॉपवरून ट्यूनिंग चाललं. तेलाचा दाब ट्यूनिंगने वाढत नाही.

आणखी एक गोष्ट दिसत होती. पिस्टनच्या मशिनला जड फ्लायव्हील असतं ते धक्के गिळायला. त्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने घटते, म्हणजे ३२४ आरपीएमला ती ९०० च्या मानाने जेमतेम आठवा हिस्सा. पट्टे फडफडत होते, आणि २७ हर्ट्झच्या आसपास डिस्चार्जची लाइन अशी थरथरायची की हात ठेववत नव्हता. ड्राइव्हमध्ये असे वेग टाळायची सोय असते, तेवढा टप्पा वगळायचा आणि पुढे जायचं. कोणी वापरली नाही, कारण लाइनला हात लावून कोणी पाहिलं नाही.

नवव्या रात्री, पावणेतीनला, कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचं बेअरिंग गेलं. ठोका ऐकला त्या क्षणी मी लाल बटण दाबलं, म्हणून क्रँक वाचला. प्रीकूलिंगमध्ये आठ टन माल होता. दुसऱ्या मशिनचा वेग हाताने ५० हर्ट्झला बांधून ती रात्र काढली. निफाड-पिंपळगावची रात्रीची थंडी कामी आली. बाहेर गारठा होता म्हणून हेड प्रेशर कमी होतं, नाहीतर एका मशिनने ते झेपलं नसतं. कंटेनर एक दिवस उशिरा गेला, माल शाबूत गेला.

मशिन उघडलं तेव्हा बेअरिंगचा पांढरा धातू पुसून निघालेला होता. आठवड्याने रिपोर्ट आला: "ऑपरेटरने ऑइलची पातळी राखली नाही." ऑइलची काच अर्ध्यावर होती, माझ्या लॉगबुकात दर तासाची नोंद होती, जंपर अजून तिथेच होता. मी नऊ दिवसांची पानं अण्णांपुढे ठेवली. त्यांनी चाळली, आणि रिपोर्टवर सही केली, कारण वॉरंटीत भाग फुकट मिळत होते. माझा पगार कापला नाही, मला कामावरून काढलं नाही. पण ती सही अजून सलते. त्या इंजिनिअरने नंतर कधीतरी हे वाचावं असं मला वाटतं, म्हणून सांगतो: त्यानंतर मी त्याच ड्राइव्हचा किमान वेग ३० हर्ट्झ केला, जंपर काढला, त्या मशिनचे अनलोडर फक्त चालू होताना मोकळे राहतील आणि नंतर लोडवरच राहतील असं वायरिंग केलं. तेव्हापासून त्याच क्रँकवर तेच मशिन प्रत्येक सीझन काढतंय. पातळी राखणारा माणूसही तोच आहे.

आता तुमचं. दोन्ही मशिनना ड्राइव्ह कशाला नको ते आकड्यांनीच समजेल. एका मशिनला ड्राइव्ह, ३० ते ५० हर्ट्झ, म्हणजे ६० ते १०० टक्के. दुसरं थेट लाइनवर, त्याचे अनलोडर शाबूत. भार ६० ते १०० असेल तर ड्राइव्हवालं एकटं पुरतं. लाइनवालं ३३ वर जोडलं की दोघांची मिळून ९३ ते १३३, ६६ वर १२६ ते १६६, पूर्ण लोडवर १६० ते २००. कुठेही खड्डा पडत नाही. "ड्राइव्ह आलाय, आता अनलोडर काढून टाका" असं कोणी म्हणालं तर त्याला विचारा की १०० ते १६० च्या मधला भार कोण उचलणार. आमच्या वेळी त्याचं उत्तर मिळालं नव्हतं. दुसऱ्या ड्राइव्हचे पैसे वाचतील, ते खोल्यांच्या पंख्यांना घाला. माल शून्याला आला की पूर्ण वेगाच्या हवेची गरज उरत नाही, आणि इथे तो घनाचा नियम खराखुरा लागू होतो. शिवाय कोठीतला पंखा जेवढी वीज खातो तेवढी उष्णता कोठीतच सोडतो आणि ती कॉम्प्रेसरला परत उपसावी लागते, म्हणजे बचत दोन्हीकडून. प्रीकूलिंग चालू असताना मात्र पंखे उतरवू नका, तिथे वेळ महत्त्वाची.

कॉम्प्रेसरवरची खरी बचत सक्शन स्थिर होण्यात आहे. आधी झोक्याच्या भीतीने आम्ही सेटिंग खाली ठेवायचो. सक्शन एका जागी राहायला लागल्यावर ते थोडं वर घेता आलं. कॉइलचं तापमान एक डिग्री वर नेता आलं की कॉम्प्रेसरची वीज दोन-तीन टक्के वाचते, हा या धंद्यातला जुना हिशोब आहे आणि आम्हाला तो लागू पडला. देठ हिरवे राहिले ते वेगळं. स्टार-डेल्टा स्टार्टरचा सुरुवातीचा झटका गेल्यामुळे लाइट गेल्यावर जनरेटरवर मशिन घेणंही सोपं झालं.

ड्राइव्हचं पॅनेल मशिनरूममध्ये लावू देऊ नका. अमोनिया ओलाव्यासोबत तांबं खातो, आणि ड्राइव्हच्या पोटात सगळं तांबंच असतं. वेगळी, स्वच्छ, हवेशीर खोली करा. पण केबल उगाच लांब जाऊ देऊ नका, लांब गेलीच तर ड्राइव्हच्या आउटपुटला फिल्टर मागा, नाहीतर मोटरच्या वाइंडिंगवर ताण येतो. ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये कपॅसिटर चुकूनही ठेवायचा नाही. जुन्या मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, हळू चालली की वारा कमी आणि टॉर्क तेवढाच. ३० हर्ट्झला आमची मोटर तापायची म्हणून मागे वेगळा पंखा बसवून घेतला.

हे सगळं पिस्टनच्या अमोनिया मशिनबद्दल आहे. स्क्रू कॉम्प्रेसर असेल तर माझं मत बदलेल, कारण स्क्रूचा स्लाइड व्हॉल्व्ह निम्म्यावर आणला तरी वीज निम्मी होत नाही, ६० टक्क्यांच्या वरच राहते, आणि तिथे ड्राइव्ह भरपूर कमावतो. फ्रीऑनचं युनिट असेल तर वेगळी काळजी: वेग फार उतरला की उभ्या सक्शन पाइपमधून तेल वर येत नाही, कॉइलमध्ये साचतं, म्हणून मधूनमधून पूर्ण वेगाने पळवावं लागतं. आणि ३० हर्ट्झ हा आमच्या मशिनचा आकडा आहे. तुमचा आकडा तुमच्या मशिनच्या कंपनीकडून लेखी घ्या, किमान वेग आणि त्या वेगाला नेट ऑइल प्रेशर, दोन्ही एकाच कागदावर. ड्राइव्हवाल्याचं तोंडी चालणार नाही. पहिल्या रात्री तुमच्या ऑपरेटरला मशिनसमोर बसवा, आणि तो काही म्हणाला तर साहेब निघून जायच्या आत ऐका.

बिल किती कमी होईल हे तुम्ही विचारलं होतं. तुमचं प्रत्येक मशिन ३३, ६६ आणि १०० वर दिवसाकाठी किती तास चालतं, सक्शन कुठून कुठवर झुलतं आणि कोठीचे पंखे किती एचपीचे आहेत, हे आठवडाभर लिहून काढा आणि इथे खाली टाका. मी बसून हिशोब करून देतो.